गुडघ्याला फॅट किती लागली?

माझा डावा गुडघा वीस टक्के आहे, हे आमच्या गावात शाळकरी पोरांपासून सगळ्यांना माहीत आहे. वीस टक्के म्हणजे वीस टक्के गेला की वीस टक्के उरला, हे मात्र कुणालाच नक्की माहीत नाही. हवालदार क्लार्क म्हणून अर्धं आयुष्य कागदांत काढूनही, खरं सांगायचं तर, मलाही ते कधी धड कळलं नाही. फौजेतून सुटताना तीन डॉक्टरांनी मिळून तो आकडा लावला आणि मी "जी साहब" म्हणून सही केली. फौजेत आकड्याचा अर्थ विचारायची पद्धत नाही.

गुडघा गेला कसा, हेही एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. सिक्कीममध्ये भर बर्फात ट्रकमधून कंपनीचा टायपरायटर उतरवत होतो. पाय सटकला. टायपरायटर छातीशी घट्ट धरला म्हणून तो वाचला आणि हात मोकळे नव्हते म्हणून गुडघा वाचला नाही. ही हकिगत मी सुट्टीवर आल्यावर गावात जशीच्या तशी सांगितली. गावाला गोळी हवी होती. निदान हातगोळा तरी. हॉटेलवाला पंडित आजही चहा पुढे सरकवताना म्हणतो, "मशीनगन उतरवत होतो म्हनाचं की बे, टाइपरायटर कावून सांगत बसलास?" शिवाय साहेबांनी कंपनीसमोर टायपरायटर वाचवल्याबद्दल मला शाबासकी दिली होती, पण ते सांगितलं तर लोक जास्तच हसतात, म्हणून हल्ली मी सांगत नाही.

तर दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, बोअर नुसती हवा ओढत होते, आणि प्यायचं पाणी घाटनांदूरकडून टँकरनं येत होतं. टँकर देवळापुढे थांबायचा आणि तिथपासून घरापर्यंत घागरी वाहायच्या. आमच्या घरात पाणी अंजना आणते. अंजना म्हणजे माझी बायको. ही वाटणी गुडघ्यामुळे पडलेली आहे, माझ्या आळसामुळे नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. मीही रिकामा बसत नसे. ओट्यावर बसून टँकर आल्याची वर्दी देणं, रांगेत कोण घुसलं त्यावर नजर ठेवणं आणि अंजना घागर घेऊन आली की दार उघडून धरणं ही कामं माझ्याकडे होती.

अशात एके दिवशी फौजेचा हुकूम आला. गुडघ्याची फेरतपासणी करायची आहे, लष्करी दवाखान्यात मेडिकल बोर्डापुढे हजर व्हा. टक्का तोच राहतो, वाढतो की उतरतो, ते बोर्ड ठरवणार. वीसच्या खाली उतरला तर टक्का संपलाच, आणि त्यावर मिळणारी अपंगत्वाची पेन्शनही. मी हे अंजनाला वाचून दाखवलं. ती नुकतीच तिसरी खेप टाकून भिंतीला टेकली होती.

"लई बेस झालं," ती म्हणाली. "आता सरकारच ठरवंल. गुडगा खरंच गेलाय म्हनले तर तुमी जलमभर ओट्यावर बसा, मी तोंडातून शबूद काढनार न्हाई. पर चांगला हाय म्हनले, तर दुसऱ्या दिशीपसून घागरी तुमच्या."

"अगं, बोर्ड पाण्यासाठी नाही बसत."

"कशासाठी का बसंना. निकाल लागल्याशी काम."

मी अठरा वर्षं देशाची सेवा केली, आणि आता माझ्या घरात पाणी कुणी आणायचं हे तीन लष्करी डॉक्टर ठरवणार होते. मला अपमान वाटला. पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण शेजारच्या चतुराबाईनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. दिवस मावळेपर्यंत अख्ख्या गावाला माहीत झालं की फौजीच्या गुडघ्याचा निकाल लागणार आहे आणि त्यावर घागर कुणाच्या डोक्यावर जाणार ते ठरणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घालायला सोसायटीत गेलो. दुष्काळानं जनावरं हाडांवर आली होती, दूध निम्म्याच्या खाली उतरलं होतं, त्यामुळे सोसायटीत माणसांना बोलायला वेळ भरपूर असे. चेअरमन गहिनीनाथ आप्पा फॅटच्या मशीनशेजारी बसले होते. आमच्या गावाला टक्केवारी कळते ती या मशीनमुळे. परीक्षेतले टक्के, व्याजाचे टक्के, मतांचे टक्के हे सगळं आमच्याकडे दुधाच्या फॅटवरून समजून घेतलं जातं. म्हशीच्या दुधाला सात-आठ लागली की माणूस छाती काढून घरी जातो. त्यामुळे माझ्या गुडघ्याचे वीस ऐकून सुरुवातीला लोकांना माझा फार आदर वाटला होता.

"काय बे फौजी," आप्पा म्हणाले, "बोर्डाला चाललास म्हनं. येळ कोनती दिलीय? सकाळची का सांजची?"

"सकाळची."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "फसलास. सकाळी फॅट कमी लागती. सांजची येळ मागून घे."

"आप्पा, गुडघा आहे तो. दूध नाही."

"टक्काच काढनार हाय ना?" आप्पांनी मला लहान पोरासारखं समजावलं. "मग त्यात काय फरक हाय? आन एक ध्यानात ठेव. नमुना घ्यायच्या आधी चांगलं ढवळायचं. न ढवळता नमुना घेतला की साय वरच राहती आन फॅट घसरती. तुजा गुडगा आठ सालं ओट्यावर ठेवलाय नुस्ता. दुखनं समदं बसलं असंल तळाला. डाक्टरनं हात लावला तर त्येला काय लागनार? फॅट सोड, लॅक्टोमीटरची डिगरी बी लागनार न्हाई."

जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मेंढ्या राखणारा मुंजाजी म्हणाला, "आप्पाचं बरुबर हाय. मेंढरू लंगडतंय का न्हाई बगायचं असलं तर आमी आधी त्येला पळवतो. उभ्या मेंढराचं काय कळत न्हाई." मी मेंढरू नाही असं मी म्हणणार होतो. पण मग मी दूधही नाही आणि मेंढरूही नाही, तर नेमका कोण, असा प्रश्न आला असता, म्हणून किटली उचलून निघालो. खरी अडचण निराळीच होती. घरी परत जाताना ते बोलणं मला हळूहळू पटायला लागलं. गुडघा खरोखरच काही दिवस दुखत नव्हता. ओट्यावर बसणाऱ्याचा गुडघा कशाला दुखेल?

तेवढ्यात आणखी एक भानगड उपटली. बोर्डाला जाण्याआधी जिल्ह्याच्या गावी एका कार्यालयातून कागद पुढे पाठवायचे होते. तिथल्या टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुडघा अजून तसाच आहे, याचा गावातल्या जबाबदार माणसाचा दाखला लागेल." मी सोसायटीत आलो. आप्पांनी कोरं लेटरहेड काढलं आणि सोसायटीच्या नेहमीच्या चालीवर सांगायला सुरुवात केली: "श्री. आसाराम हे आमच्या संस्थेचे सभासद असून ते प्रामाणिक, निर्व्यसनी व शरीराने सुदृढ आहेत."

"आप्पा, सुदृढ नका लिहू! तेच तर नाही ना मी."

आप्पांना राग आला. "आपल्या गावच्या मानसाला मी अधू म्हनून लिहू? सौंस्थेच्या शिक्क्याखाली? उद्या बाहेरची मानसं म्हनतील, ह्या गावात समदे लुळेपांगळेच हायेत. न्हाई जमनार." शेवटी तडजोड होऊन "शरीराने सुदृढ आहेत, डावा गुडघा वगळून" असं ठरलं. कार्यालयातल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे डावा गुडघा निर्व्यसनी नाही, असं म्हणायचंय का तुमच्या चेअरमनला?" मी म्हणालो, तसं नसावं. "नसावं?" असं म्हणून त्यांनी कागद शिपायाकडे दिला. तो पुढे गेला की कपाटात गेला, हे मला कळलं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी अंजनानं पिशवी भरली, आणि त्यात तिचं लुगडंही होतं.

"तू कुठं?"

"येते की संगं. तुमी काय ऐकताल आन मला येऊन काय सांगताल, त्येचा काय भरोसा?"

अठरा वर्षांच्या सेवेत माझ्यावर एवढा अविश्वास कुणी दाखवला नव्हता. पण घागरीच्या त्या निकालात ती पक्षकार होती. पक्षकाराला हजर राहायचा हक्क असतो, हे मला क्लार्क म्हणून मान्य करावं लागलं. घागरी भरून ठेवायचं काम तिनं चतुराबाईला सांगितलं आणि आम्ही निघालो.

गुडघा ढवळण्याची जबाबदारी आप्पांनी स्वतःवर घेतली होती. त्यांनी आम्हाला अंबाजोगाईपर्यंत सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोत बसवलं. अंजनाला पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि मला मागे दुधाच्या कॅनांच्या गर्दीत उभं. "बसू नको बे," त्यांनी बजावलं, "उभा ऱ्हा. वाटंनं आपोआप ढवळून निगंल." दुष्काळाच्या कामांनी रस्ता आधीच उकरून ठेवला होता. एका खड्ड्यात टेम्पो आपटला, मी डावा पाय जपायला म्हणून सगळा भार उजव्यावर घेतला, आणि एक रिकामी कॅन येऊन उजव्या गुडघ्यावर आदळली. अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरलो तेव्हा उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. डावा मजेत होता. इतका हलका तो सिक्कीमच्या आधीही नसेल.

एस.टी.त मी अंजनाला हे सांगितलं. "मंग आता कोन्त्या गुडग्याचा निकाल लागनार?" तिनं विचारलं. उजवा गुडघा फौजेच्या कागदावर कुठेच नव्हता. तो दूध सोसायटीच्या सेवेत जखमी झाला होता, आणि सोसायटी टक्के देत नाही.

दवाखान्यात आम्हाला लांबच लांब बाकावर बसवलं. माझ्यासारखे बरेच होते. कुणी काठी घेऊन आलेला, कुणी खांद्यावर पट्टा बांधून आलेला. सगळे एकमेकांच्या दुखण्याकडे परीक्षेच्या हॉलमधल्या पोरांसारखे चोरून बघत होते. शेजारच्या सुभेदार साहेबांनी मला रँक विचारली, मग गुडघा कसा गेला ते विचारलं. मी "बर्फात" एवढंच म्हणालो. तेवढ्यावर त्यांनी आदरानं मान हलवली, तेव्हा फार बरं वाटलं. मग अंजना म्हणाली, "टाइपरायटरनं."

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठून लंगडत आत गेलो. लंगडणं खरं होतं, पण पाय चुकीचा होता. तीन डॉक्टरांपैकी मधल्या खुर्चीत एक तरुण मेजर बाई होत्या, लातूरकडच्या. त्यांनी कागद बघितला, मग माझी चाल बघितली, मग पुन्हा कागद बघितला.

"हवालदार साहेब, कागदावर डावा आहे."

"हो मॅडम."

"लंगडताय उजव्यानं."

"हो मॅडम. डावा ढवळायला गेलो होतो."

मेजर बाईंनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. फॅट, सकाळची वेळ, साय, टेम्पो, कॅन, आणि घागरीचा निकालही. सांगताना मला जाणवत होतं की आपण जितकं खरं बोलतोय तितके वेडे दिसतोय. बाकीचे दोन डॉक्टर एकमेकांकडे बघत होते. बाईंनी मात्र शांतपणे मला पलंगावर झोपवलं, डावा गुडघा वाकवला, सरळ केला, कोनमापक लावून मोजला, वाटी हलवून पाहिली. एका कोनात कळ आली आणि मी ओरडलो. दुखण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. "म्हणजे आहे ना, मॅडम?" मी विचारलं. "निकाल टपालानं येईल," त्या म्हणाल्या.

"टपालानं न्हाई चालनार," दारातून अंजना म्हणाली. ती कधी आत आली होती कुणास ठाऊक. "आमचं उद्याच्या टँकरला ठरायचंय. एवड्या लांबून आलोत, एकदा सांगून टाका बाई. ह्येंला घागर झेपती का न्हाई?"

शिपाई तिला बाहेर काढायला पुढे आला. मेजर बाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्या अंजनाकडे बघत होत्या. "मावशी, आता आत आलात तेव्हा भिंत का धरली?"

"सवय हाय."

"दोन पावलं चाला बरं. भिंत न धरता."

अंजना चालली. मी तिला रोज चालताना बघतो. ओट्यावरून बघतो, घागर डोक्यावर असताना बघतो. डोक्यावर घागर नसताना ती अशी चालते हे मला माहीत नव्हतं. एक पाय टाकला की सगळं अंग त्या बाजूला कलत होतं, आणि ती ओठ दातांत धरत होती.

बाईंनी तिला माझ्या पलंगावर बसवलं आणि मला उभं केलं. तिचा गुडघा हातात धरून हळूच हलवला. आतून कुरकुर झाली ती मला दोन हातांवर ऐकू आली. कोरड्या रहाटासारखी. "कधीपासून?" बाईंनी विचारलं. "टँकर लागल्यापसून जास्त," अंजना म्हणाली. "त्येच्या आदी विहिरीवरून आनायचे तवा बी होतंच." "दाखवलं नाही कुणाला?" अंजनाला हसू आलं. "घरात एक गुडगा हाय की दुखायला. दोन दोन कुटं परवडतेत?"

बाईंनी तिला गोळ्या लिहून दिल्या, जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं, गुडघ्याचा एक्स-रे काढायला तारीख दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना टक्का लिहायचा मला अधिकार नाही. या फौजेत नव्हत्या. पण लिहायचा असता, तर तुमच्या दुप्पट लिहिला असता."

आता माझी अवस्था सांगतो, आणि जशी होती तशी सांगतो. आधी मला राग आला. आठ वर्षं गावात गुडघ्याचा मान माझ्याकडे होता. माझ्या बायकोनं एकदाही फौजेत न जाता, एकदाही बर्फात न पडता, मला हुद्द्यात मागे टाकलं होतं. मग मला आठवलं की ती भिंत धरून उठायची तेव्हा मी दार उघडून धरायचो, आणि ते मी मदत म्हणून मोजत होतो. मला लाज वाटली. इतकी वाटली की "जी मॅडम" म्हणायचंही सुचलं नाही.

परतीच्या एस.टी.त अंजना मात्र खुशीत होती. "दुप्पट मंजी किती वो?" तिनं विचारलं. "चाळीस," मी म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "चाळीस खरंच?" तिनं पदर सारखा केला आणि सुभेदारासारखी ताठ बसली. मला खिडकीची जागा देऊ का म्हणून तिनं विचारलंसुद्धा. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं. काय जिंकलो, हे मला कळत नव्हतं, पण तिला तसं वाटतंय ते मोडायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा मी वर्दी द्यायच्या ऐवजी घागर उचलली. अंजना चुलीपाशी होती. "निकाल तर लागला न्हाई अजून," ती म्हणाली. "लागलाय," म्हणून मी निघालो. दोन्ही गुडघ्यांनी लंगडत निघालो. डाव्यानं फौजेच्या वतीनं आणि उजव्यानं सोसायटीच्या. देवळापुढे बायकांची रांग लागली होती. रांगेच्या शेवटी मी उभा राहिलो. पंडितच्या हॉटेलातून आप्पा, मुंजाजी आणि बाकीची मंडळी कपबशी हातात धरून बाहेर आली.

"फौजी!" आप्पा ओरडले. "गेला का बे टक्का? किती लागली?"

"माझा टपालानं कळंल, आप्पा," मी म्हणालो. त्या रांगेत उभा राहिलो आणि माझी भाषाही गावाची झाली. "अंजनाचा चाळीस निघाला. डाक्टर बाई बोलली तोंडानं."

चाळीस हा आकडा दुधात लागत नाही, त्यामुळे आप्पांना तो कळला नसावा. रांगेतल्या बायका मात्र सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. चतुराबाईनं विचारलं, "बायांचा बी लागतो का टक्का?"

"लागतो की. लिवून देत न्हाईत, पर लागतो."

भिवराबाई रांगेत सगळ्यांत पुढे होती. तिचं वय तिला स्वतःलाही माहीत नाही. नळीखाली तिची घागर भरत आली होती. तिनं ती तिथंच सोडली, भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली, लुगड्याचा काठ थोडा वर केला आणि गुडघा माझ्यापुढे धरला. "बग रं बाबा, तू फौजेतला हायस. माजा किती असंल?" तिच्या मागं मुक्ताबाई येऊन उभी राहिली. मग चतुराबाई. मग सगळी रांगच हातातल्या घागरी खाली ठेवून माझ्याभोवती गोळा झाली, आणि टँकरवाला वरून ओरडून विचारत होता, पानी वाया चाललंय, लाईन कावून थांबली. "थांब जरा," मी वर ओरडलो, "हितं बोर्ड बसलंय."